साखळी-विक्रीतील ‘आरोग्य’ : नेतृत्वाची चिकित्सा

आरोग्याच्या नावाने चालणाऱ्या साखळी-विक्रीचा विचार करताना आपण डॉक्टर मंडळी बहुधा उत्पादनापाशीच थांबतो. पावडरीत प्रथिने किती, थेंबांत कोणती वनस्पती, एवढे पाहून ‘निदान अपाय तरी नाही’ असा अभिप्राय देऊन मोकळे होतो. परंतु अशा व्यवसायात उत्पादन हे केवळ लक्षण होय. व्याधीचे मूळ शोधायचे तर कंपनी कोण चालवितो आणि पैसा कोणाकडे जातो, हे पाहावे लागते.

बालरोगतज्ज्ञाला या विषयाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. काही वर्षांपूर्वी अपस्माराचा एक बालरुग्ण सतत झटके येत असलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणला गेला. अशाच एका कंपनीचे ‘मेंदूचे टॉनिक’ सुरू करून घरच्यांनी नियमित औषध परस्पर बंद केले होते. टॉनिक विकणारी व्यक्ती नात्यातलीच असून तिचा हेतू मुळीच वाईट नव्हता. तिला जे शिकविले गेले तेच तिने सांगितले. प्रश्न असा की, शिकविणारे कोण?

मुंबईतील प्रकरण

या दृष्टीने क्यूनेट कंपनीचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. मलेशियाचे विजय ईश्वरन यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये स्थापन केलेल्या क्यूआय समूहाची ही कंपनी. पूर्वी ती क्वेस्टनेट या नावाने सोन्याची नाणी विकत असे. पुढे ‘बायोडिस्क’ नावाची काचेची चकती आली. चकतीवरून ओतलेले पाणी ऊर्जायुक्त होते, असा दावा केला जाई. तशी ऊर्जा मोजण्याची कोणतीही रीत पदार्थविज्ञानाला ठाऊक नाही.

२०१३ मध्ये मुंबईत गुन्हा नोंदला गेला व तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे आला. साखळी-योजनांना बंदी घालणारा १९७८ चा केंद्रीय कायदा आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, दोन्ही लावण्यात आले. भारतातील कारभार ‘विहान डायरेक्ट सेलिंग’ ही वेगळी कंपनी पाहत होती. तिचे सर्वांत मोठे भागधारक निघाले मायकेल फरेरा, बिलियर्ड्समध्ये तीनदा जागतिक हौशी विजेतेपद मिळविणारे, पद्मभूषण खेळाडू. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला आणि त्याच वर्षी त्यांना अटक झाली. कंपनीने आरोप नाकारले आहेत आणि अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. आपल्यासाठी बोध रचनेचा आहे. संस्थापक परदेशी, कंपनी देशी आणि त्यांच्यापुढे सर्वांना आदरणीय वाटणारा चेहरा. सामान्य माणूस चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, ताळेबंद पाहत नाही.

मोठ्या व जुन्या कंपन्याही चौकशीतून सुटलेल्या नाहीत. ॲमवे इंडियाचे प्रमुख विल्यम पिंकनी यांना मे २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी अटक केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्या कंपनीची ७५७.७७ कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केली. संचालनालयाचे म्हणणे असे की, भर मालावर नसून सभासद होऊन श्रीमंत होण्यावर होता.

पिरॅमिडचे गणित

प्रत्येक सभासदाने सहा जण जोडावेत असे धरू. सहा, छत्तीस, दोनशे सोळा असे वाढत आठव्या पायरीअखेर एकूण संख्या २०,१५,५३९ होते. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण उज्जैन जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९.८७ लाख होती. म्हणजे पाळण्यातले बाळ धरले तरी माणसे अपुरी पडतात! शिवाय शेवटच्या पायरीवर नेहमीच एकूण सभासदांच्या सुमारे पाच-षष्ठांश लोक असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसते. त्यांचे अपयश आळसाचे नसून रचनेचे असते. सभांमध्ये मात्र ‘तुम्ही प्रयत्नात कमी पडलात’ असेच त्यांना सांगितले जाते.

तपासणीचा क्रम

रुग्ण तपासताना आपण जो क्रम पाळतो, तोच येथेही उपयोगी पडतो.

१. पूर्वेतिहास : संचालकांची नावे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत मिळतात. त्यांच्या आधीच्या कंपन्या कोणत्या, त्या बंद का झाल्या, नाव का बदलले?

२. प्रत्यक्ष तपासणी : २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार कंपनीचे भारतात प्रत्यक्ष कार्यालय व तक्रार निवारण अधिकारी हवा. प्रवेशशुल्क घेता येत नाही आणि पिरॅमिड योजनेस बंदी आहे.

३. विशेष चाचणी : उत्पन्न ग्राहकाला माल विकून मिळते की नवा सभासद आणून? बाजारात तशाच वस्तूची किंमत काय?

४. निदान : रोग बरा करण्याचा दावा लेखी देता का, असे विचारावे. १९५४ च्या जादुई उपचारविषयक कायद्यामुळे असे दावे सहसा तोंडीच केले जातात.

आपले उत्तरदायित्व

उज्जयिनीतील मराठी समाज शिंदेशाहीपासून येथे रुजला आहे. गणेशोत्सव, हळदीकुंकू, नातीगोती यांतून परस्परांवरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या जमा झाला. साखळी-विक्रीचे खरे भांडवल हा विश्वासच होय आणि त्यात डॉक्टरच्या शब्दाची किंमत सर्वांत मोठी. म्हणूनच सभासदत्वाचे आमंत्रण आपल्याला अगत्याने येते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार औषधाच्या वा उपचार-वस्तूच्या जाहिरातीसाठी आपले नाव, सही अथवा छायाचित्र देणे निषिद्ध आहे, तसेच रुग्णांवर कमिशन घेणेही.

आपण सर्वांनी एवढे अवश्य करावे. बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक पालकाला विचारावे, ‘आणखी काय देता? कोणी दिले? चालू औषध बंद तर केले नाही ना?’ विचारताना विक्रेत्या नातलगाची निंदा टाळावी, अन्यथा पालक पुढच्या वेळी डबा लपवतील. बालकाला प्रश्न विचारता येत नाहीत. त्याच्या वतीने ते आपणच विचारले पाहिजेत.