पक्षाला देणगी कोणाची आणि धोरण कोणासाठी?



लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांची माहिती आपण या पत्रकातून नेहमी घेतो. यावेळी विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या खिशाशी त्याचा संबंध आहे. उसाची एफआरपी, साखरेची निर्यात, इथेनॉल हे सगळे सरकार ठरवते. सरकार पक्ष चालवतात. मग पक्ष कोणाच्या पैशावर चालतात, हे आपण विचारायला नको का?

ज्या सरीत आपण खत टाकतो, तिच्याकडूनच टनेजची अपेक्षा धरतो. मोठा देणगीदारही तसाच हिशेब करतो.

आपल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. त्याकाळी चार आणे वर्गणी भरली की माणूस काँग्रेसचा सभासद होई. श्रीमंतांची मदत तेव्हाही होतीच, पण चार आणेवाल्यालाही पक्ष आपला वाटे.

पुढे निवडणुका खर्चिक झाल्या. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षांना देणगी देण्याची मुभा हवी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण यात लोकशाहीला मोठा धोका आहे, संसदेने लक्ष घालावे, असेही बजावले. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली. मधल्या काळात पैसा थांबला नाही, फक्त आडवाटेने जाऊ लागला.

आपल्या राज्यातले उदाहरण १९८१ चे आहे. सिमेंटची तेव्हा टंचाई होती व वाटप सरकारच्या हाती होते. मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानला बिल्डर देणग्या देत होते. त्या देणग्यांच्या बदल्यात सिमेंट मिळाले, असा निष्कर्ष न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला पुढे अनेक वर्षे चालला, त्यात शिक्षा झाली नाही. ते प्रतिष्ठान होते, पक्ष नव्हता, हे खरे. पण सहकारी साखर कारखान्यांकडूनही देणग्या घेतल्याचा आरोप तेव्हा झाला होता. कारखान्याचा पैसा म्हणजे शेवटी ऊस उत्पादकाचाच पैसा, हे विसरून चालणार नाही.

अलीकडचे पाहू. नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही कंपन्यांवरची मर्यादा २०१७ साली काढली. २०१८ पासून स्टेट बँकेतून निवडणूक रोखे मिळू लागले. देणाऱ्याचे नाव मतदाराला कळत नसे. १६ हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना रद्द केली. पैसा कोणाचा हे जाणणे मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले.

यातून घ्यायचे धडे :

१) देणगी देणे गुन्हा नाही. ती लपवली की मात्र तिच्या बदल्यात काय मिळाले, हे तपासता येत नाही.

२) वीस हजारांवरच्या देणग्यांची माहिती पक्षांना निवडणूक आयोगाला द्यावी लागते. ती कोणालाही पाहता येते. शिकलेल्या मुलांकडून वाचून घ्यावी.

३) अनेक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्थांना २००२ च्या कायद्याने राजकीय पक्षासाठी देणगी देण्यास मनाई आहे. संस्था कोणतीही असो, ऊसबिलातली प्रत्येक कपात कशाची, हे वार्षिक सभेत विचारावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

सहकारात शेअर एक असो की शंभर, मत एकच. कोट्यवधींची देणगी देण्याची आपली ऐपत नाही. मत आणि प्रश्न एवढेच आपले भांडवल आहे. ते पडीक ठेवू नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी