जुन्या चेनसॉमधील बिघाड : शोध आणि उपाय

मुंबई उपनगर जिल्ह्यातील गोराई, मनोरी भागातील वाड्या असोत किंवा रायगड-रत्नागिरीतील आंबा-नारळाच्या बागा, झाड पडले की करवतीची आठवण होते. ३ जून २०२० रोजी आलेले 'निसर्ग' आणि मे २०२१ मधील 'तौक्ते' ही चक्रीवादळे बागायतदार विसरलेले नाहीत. पडलेली झाडे तोडून हलविल्याशिवाय नवीन लागवड करता येत नाही. या कामाला पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजेच चेनसॉ, उपयोगी पडते. नवीन यंत्राची किंमत परवडत नाही म्हणून काही बागायतदार वापरलेले यंत्र घेतात. ते सुरू होते, पण ओंडक्याला लावताच दम सोडते.

अशा वेळी हात प्रथम कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. नेमकी हीच चूक महागात पडते. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते व त्याला वंगण पेट्रोलमधील ऑइलमधूनच मिळते. स्क्रू आवळून पेट्रोल कमी केले की वंगणही कमी होते. यंत्र थोडा वेळ जोरात पळते आणि मग पिस्टन जाम होतो. म्हणून स्क्रू हा शेवटचा उपाय समजावा व तपासणी पुढील क्रमाने करावी. एका वेळी एकच बदल करून यंत्र चालवून पाहावे. हत्यार लावण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढून ठेवावी.

१. साखळी : पुष्कळदा दोष इंजिनाचा नसून बोथट साखळीचा असतो. धारदार साखळीतून लाकडाच्या कपच्या पडतात. पिठासारखा भुसा पडत असेल तर दात गोल कानशीने घासावेत. नारळाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण असतो. त्यावर वाळू बसलेली असल्यास धार लवकर जाते. पट्टीला तेल पोहोचते की नाही हेही पाहावे.

२. इंधन : टाकीतील जुने मिश्रण काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवावे. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते पाणी शोषते. पावसाळाभर पडून राहिलेल्या इंधनात इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाशी बसू शकतो. टाकीतील फिल्टरही तळाशीच असल्याने इंजिनाला नेमका हाच ऑइल नसलेला थर मिळतो. असे इंधन वापरू नये. ताजे मिश्रण यंत्राच्या पुस्तिकेतील प्रमाणानुसार करावे. ५०:१ प्रमाणासाठी एक लिटर पेट्रोलला २० मि.लि., तर २५:१ साठी ४० मि.लि. टू-स्ट्रोक ऑइल लागते.

३. फिल्टर, नळी व हवेचे छिद्र : टाकीतील फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बदलावा. नळी कडक झाली असेल किंवा तिला चिरा पडल्या असतील तर तीही बदलावी. यंत्र काही मिनिटे चालून बंद पडत असेल तर ते थंड झाल्यावर टाकीचे झाकण सैल करून पुन्हा घट्ट लावावे व यंत्र सुरू करावे. ते पुन्हा तेवढाच वेळ नीट चालले तर टाकीत हवा जाण्याचे छिद्र बुजले आहे असे समजावे.

४. एअर फिल्टर व प्लग : एअर फिल्टर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. प्लगचे टोक तपकिरी असल्यास ज्वलन ठीक आहे. काळे व ओलसर असल्यास पेट्रोल किंवा ऑइल जास्त होत आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा चोक अडकला आहे. टोक पांढरट दिसल्यास इंजिनाला इंधन कमी पडत आहे. ही धोक्याची खूण होय. असे यंत्र कारण सापडेपर्यंत चालवू नये. प्लगमधील फट साधारणपणे ०.५ मि.मी. असावी.

५. सायलेन्सर व पिस्टन : यंत्र रिकामे चालते पण जोर धरत नाही, अशा वेळी सायलेन्सरची जाळी काजळीने भरली आहे का ते पाहावे. सायलेन्सर थंड झाल्यावर काढून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे असतील तर पिस्टन, रिंगा व कदाचित सिलिंडरही बदलावा लागेल. तो खर्च यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा. जुने यंत्र विकत घेतानाच ही तपासणी करण्याचा आग्रह धरावा.

६. हवेची गळती : रिकाम्या चालीत वेग आपोआप कमी-जास्त होतो, यंत्र तिरपे केले की वेग बदलतो, ट्रिगर सोडल्यावर वेग लवकर खाली येत नाही, या खुणा क्रँकचे सील किंवा कार्बोरेटर व सिलिंडरमधील रबरी जोड फुटल्याच्या असू शकतात. स्क्रू फिरवून हा दोष झाकला जातो, दुरुस्त होत नाही. जाणकार मिस्त्रीकडून दाब देऊन गळती तपासून घ्यावी.

७. कार्बोरेटर : वरील सर्व ठीक असेल तरच इकडे वळावे. जुन्या यंत्रातील रबरी पडदा कडक झालेला असतो, तो संचासह बदलावा. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर 'एल' व 'एच' हे स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळून एक आटा मागे घ्यावेत. ट्रिगर दाबताच इंजिन गुदमरत असेल तर 'एल' किंचित सैल करावा. 'एच' अधिक आवळून वेग वाढविण्याचा मोह टाळावा. शेवटी रिकाम्या चालीत साखळी फिरणार नाही अशा रीतीने चालीचा स्क्रू लावावा. साखळी फिरतच राहिली तर ते यंत्र कामावर नेऊ नये.

यंत्र सुधारले तरी सावधगिरी सोडू नये. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागल्यास करवत उसळून अंगावर येते, म्हणून टोकाने कापू नये. साखळीचा ब्रेक चालतो याची रोज खात्री करावी. चष्मा, हातमोजे व जाड बूट घालूनच काम करावे. वाकलेल्या, ताण असलेल्या फांद्यांवर एकट्याने काम करू नये. मुंबई महापालिका हद्दीत उभे झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही लक्षात ठेवावे.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे व यंत्र कोरड्या जागी ठेवावे. एवढी काळजी घेतल्यास पुढील वादळानंतर जुनी करवतही वेळेवर कामाला येईल.