तोंडाला सुटणारे पाणी

गाभुळलेली चिंच दिसली की तोंडाला पाणी सुटते. भीतीने गाळण उडाली की तोंडाला कोरड पडते. मराठीतील हे वाक्प्रचार केवळ अलंकारिक नव्हेत. मुखातील लाळग्रंथींचे वर्तन त्यांत अचूक टिपलेले आहे.

मनुष्याला लाळग्रंथींच्या तीन मुख्य जोड्या असतात. कानाच्या पुढे व किंचित खाली असते ती अनुकर्ण ग्रंथी. ती सर्वांत मोठी. जबड्याच्या हाडाखाली अधोहनू ग्रंथी आणि जिभेखाली अधोजिव्हा ग्रंथी असते. ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात, त्या वेगळ्याच. या सर्वांमिळून दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. झोपेत मात्र हा ओघ फार मंदावतो.

कानाजवळची लाळ मुखात येते कोणत्या वाटेने? नील्स स्टेन्सेन हा डॅनिश विद्यार्थी १६६० साली ॲम्स्टरडॅम येथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करीत होता. एका नलिकेत त्याने बारीक सळई घातली. ती पुढे सरकत गेली आणि दातांवर आपटल्याचा आवाज झाला. वाट सापडली होती! त्याच्या गुरूने आधी हा शोध हसण्यावारी नेला आणि पुढे तो स्वतःचाच म्हणून सांगितला. वाद विकोपास गेला; परंतु लायडन येथील विद्वानांनी शिष्याची बाजू उचलून धरली. आजही तिला ‘स्टेन्सेनची नलिका’ म्हणतात. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतील बाजूस तिचे मुख असते. ही दाढ साधारणतः बाराव्या वर्षाच्या सुमारास उगवते. जीभ फिरविल्यास तेथे बारीकसा उंचवटा लागतो.

लाळेत जवळजवळ सर्व पाणीच असते. पण उरलेल्या अल्पांशाचे कार्य मोठे आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावीत राहिल्यास तो गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे पाचक द्रव्य त्यातील पिष्टाची साखर करू लागते, त्याचा हा परिणाम. लाळेतील चिकट द्रव घासाला गिळण्याजोगा करतो, क्षार दातांचे कवच टिकवितात आणि लायसोझाइम हे द्रव्य काही जंतूंचा नाश करते. ज्यांची लाळ आटते, त्यांचे दात झपाट्याने किडतात. एवढेच नव्हे, तर कोरड्या जिभेला चवही नीट कळत नाही.

या ग्रंथींवर मज्जातंतूंचा अंमल चालतो. म्हणूनच भय वाटताच लाळ कमी होते. प्राचीन भारतात चोरीच्या आरोपाची शहानिशा करण्यासाठी तंदुल-दिव्य करीत. आरोपीने तांदूळ चावून थुंकावयाचे. त्यांत रक्त दिसले, तर तो दोषी! कोरड्या तोंडात कोरडे तांदूळ चावताना हिरड्या सोलवटण्याचा संभव अधिक, हे खरे. परंतु शिक्षेच्या धास्तीने निरपराध्याच्याही तोंडाला कोरड पडते. लाळग्रंथींना अपराध कळत नाही. भीती तेवढी कळते. अशा परीक्षेत किती निर्दोष माणसे दंडास पात्र ठरली असतील!

लाळग्रंथींना रोगही होतात. कधी नलिकेत क्षारांचा खडा साठतो. हा खडा बहुधा जबड्याखालच्या ग्रंथीत होतो. जेवावयास बसताच तेथे सूज व ठणका येतो आणि जेवणानंतर तो हळूहळू ओसरतो, ही त्याची खूण.

मुलांच्या परिचयाचा विकार म्हणजे गालगुंड. तो एका विषाणूमुळे होतो आणि खोकला, शिंका व उष्टी भांडी यांवाटे पसरतो. संसर्गानंतर दोन ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कानापुढची ग्रंथी सुजते व गाल फुगतो. आंबट पदार्थाने लाळ वाढते आणि वेदनाही वाढतात. तेव्हा रोग्यापासून चिंच-लिंबू दूर ठेवणेच बरे. सूज आल्यापासून पाच दिवस त्याने घरीच राहावे. बहुतेक मुले आपोआप बरी होतात. पण क्वचित मेंदूच्या आवरणांना सूज येते किंवा एका कानाचे ऐकणे कायमचे जाते. म्हणून फुगलेल्या गालाची थट्टा करणे योग्य नव्हे.

१९६३ साली अमेरिकेत मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाच्या पाच वर्षांच्या मुलीला, जेरिल लिनला, गालगुंड झाले. हिलमनने रात्रीच तिच्या घशातील स्राव कापसाच्या बोळ्यावर टिपून प्रयोगशाळेत नेला. त्यातील विषाणू कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांत पुनःपुन्हा वाढवून त्याने दुर्बल केला व त्यापासून लस सिद्ध केली. ती १९६६ साली ज्या बालकांना प्रथम टोचण्यात आली, त्यांत जेरिलची धाकटी बहीण कर्स्टन होती. १९६७ मध्ये लसीला परवाना मिळाला. विषाणूच्या त्या वाणाला आजही ‘जेरिल लिन’ असेच नाव आहे.