आईकडून आलेली वंशावळ

सुगी झाली की आमच्या घरी वंशावळ सांगणारा हेळवी येतो. त्याच्या वहीत आमच्या घराण्यातील पुरुषांच्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मागच्या खेपेस मी आजीचे नाव विचारले, ते नव्हते. प्राणिशास्त्राची मैत्रीण म्हणाली, "फक्त आईकडूनच चालत येणारीही एक वंशावळ असते." म्हणून कला शाखेच्या मी तिची पुस्तके चाळली.

पेशीला शक्ती पुरवणारी तंतुकणिका आपण शाळेत पाठ केली आहे. तिचा स्वतःचा छोटा जनुकसंच असतो. बहुतेक प्राण्यांत ३७ जनुकांचा. तो साधारणतः अंड्यातून, म्हणजे आईकडूनच येतो. पिढ्यांगणिक त्याच्या नकलेत बारीक चुका साचतात. दोन जीवांच्या चुकांत जितके अंतर, तितकी त्यांची फारकत जुनी.

२००१ साली हिंदी महासागरात, कैरेई येथील उष्ण झऱ्यांपाशी सुमारे २,४०० मीटर खोलीवर एक गोगलगाय आढळली. तिच्या पायावर खवले, आणि खवल्यांवर लोह व गंधक यांच्या संयुगाचा काळा थर. पोटात वागवलेले जीवाणूच तिला पोसतात. ती एकाच देहात नर आणि मादी असते, तेव्हा येथे 'आई' म्हणजे जिचे अंडे ती! पुढे सॉलिटेअर झऱ्यांपाशी मिळालेल्या गोगलगायी पांढऱ्या, लोहाविना. कोणीही त्यांना निराळी जात म्हटले असते; हेळव्याने तर वहीच वेगळी केली असती. तंतुकणिकेतील जनुक जुळवून पाहता जात एकच ठरली. उलट दूरच्या लाँगची येथील गोगलगायी कैरेईसारख्याच लोह वागवतात, पण त्यांच्या जनुकांवरून दिसते की इतर दोन वस्त्यांशी त्यांचे येणेजाणे फारच थोडे.

म्हणजे लाँगचीची वस्ती उजाड झाली, तर बाहेरून येऊन ती भरून काढणारे जवळजवळ कोणी नाही. २०१९ साली ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. तेव्हा ठाऊक असलेल्या तिच्या तीन ठिकाणांपैकी दोन ठिकाणी खनिजशोधाचे परवाने दिलेले होते. याच महासागरतळावरील गंधकयुक्त खनिजांच्या शोधासाठी आपल्या देशानेही २०१६ साली करार केला आहे. तांबे, जस्त आपल्यालाही लागते, हे मी नाकारत नाही.

आजीला तिच्या आईचे नाव विचारले. तिने सांगितले, मी वहीत लिहिले. त्यामागचे नाव तिला आठवेना.