शिंगांखालची करवंटी

जुन्या वाड्यांत किंवा संग्रहालयांत लाकडी ढालीवर बसवलेली सांबराची शिंगे तुम्ही पाहिली असतील. जवळ जाऊन निरखले तर दोन्ही शिंगे हाडाच्या एकाच तुकड्याला जोडलेली दिसतात. हा तुकडा कवटीच्या माथ्याचा असतो. तो तसाच ठेवला म्हणजे शिंगांमधले अंतर आणि त्यांचा कल निसर्गात होता तसाच राहतो.

बैलाच्या शिंगाची गोष्ट वेगळी. बैल, म्हैस, शेळी, काळवीट यांचे शिंग पोकळ असते. कपाळातून निघालेल्या हाडाच्या खुंटावर केराटिनाचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे, टोपण चढलेले असते आणि ते जन्मभर टिकते. सांबर, चितळ, भेकर यांचे शिंग मात्र भरीव असते. ते सगळेच हाड! नराच्या कपाळावरच्या दोन उंचवट्यांवर ते उगवते. वाढत असताना त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते आणि तिच्यातील रक्तवाहिन्या त्याला पोषण पुरवतात. वाढ पुरी झाली की ही कातडी सुकून सोलून निघते आणि पुढे शिंगही गळून पडते. बहुतेक जातींत हे चक्र दरवर्षी चालते. मोठ्या जातींत ही वाढ दिवसाला एक सेंटिमीटरहूनही अधिक भरते.

आता हे हाड टिकाऊ कसे करतात ते पाहू. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात करता येते. तेथील शिकारी डोळ्यांच्या खोबणींतून मागे करवत चालवून शिंगांसह कवटीचा माथा सुटा करतात. नारळाच्या करवंटीसारख्या या तुकड्याला बाहेरून कातडी व मांस आणि आतून मेंदूचे अवशेष चिकटलेले असतात. ते राहिले तर कुजतात, किडे लागतात.

हे अवशेष बहुतांशी प्रथिनांचे असतात, पण हाडातही प्रथिन असते. खरी गोम येथेच आहे. कोरड्या हाडात वजनाने सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेट असलेले खनिज असते. उरलेला बहुतेक भाग म्हणजे कोलाजेन हे तंतुमय प्रथिन. खनिजामुळे हाड कडक होते, कोलाजेनमुळे चिवट. कोंबडीच्या तंगडीचे बारीक हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून पाहा. खनिज विरघळून जाते आणि हाड रबरासारखे वाकते. करवंटी साफ करताना बाहेरचे प्रथिन घालवायचे आणि आतले राखायचे, असे दुहेरी काम असते.

म्हणून करवंटी खळखळत्या पाण्यात टाकत नाहीत. पाणी उकळीच्या जरा खाली, मंद आचेवर ठेवतात आणि त्यात थोडा धुण्याचा सोडा घालतात. मांस सैल झाले की ते बोथट सुरीने खरवडतात. तासन्‌तास उकळले तर कोलाजेनचे जिलेटिन होऊन पाण्यात उतरते. सुतार वापरतात तो सरस हाडे आणि कातडी शिजवून असाच काढतात. सरस निघून गेलेले हाड खडूसारखे ठिसूळ होते आणि कवटीच्या शिवणी उसवतात. शिंगे तर पाण्यात बुडूच देत नाहीत. त्यांचा तपकिरी रंग झाडांच्या सालींवर घासताना चढलेला असतो; तो गरम पाण्यात फिका पडतो.

मांस गेले तरी चरबी हाडाच्या छिद्रांत राहते. ती काही महिन्यांनी पाझरून पिवळे डाग पाडते. यावर उपाय साबणाच्या कोमट पाण्याचा. पाणी गढूळ झाले की बदलायचे. यात कित्येक दिवस जातात. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे.

पांढरे करण्यासाठी कपड्यांचे ब्लीच वापरण्याचा मोह होतो, पण ते कोलाजेनवरच हल्ला करते. त्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्याच्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, द्रावाच्या २० पट आकारमानाचा ऑक्सिजन त्यातून निघतो. गणित करून पाहू. पेरॉक्साइडचा रेणुभार ३४. त्याच्या दोन रेणूंपासून ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो, म्हणजे प्रमाण तापमानाला व दाबाला ६८ ग्रॅमपासून २२.४ लिटर. ६ टक्के द्रावाच्या १०० मिलिलिटरमध्ये ६ ग्रॅम पेरॉक्साइड असते. त्यापासून जवळजवळ २ लिटर ऑक्सिजन निघेल. झाले २० पट!

मेंदूचा अंश न ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. १९६७ साली कोलोरॅडोत हरणांना झिजवून मारणारा एक रोग प्रथम आढळला. तो प्रायॉन नावाच्या, चुकीची घडी पडलेल्या प्रथिनामुळे होतो. जिवाणू उकळल्याने मरतात. प्रायॉन मात्र मुळात जिवंतच नसतात आणि उकळूनही नष्ट होत नाहीत. ते मेंदूत व मज्जारज्जूत भरपूर असतात. म्हणून अमेरिकेच्या अनेक राज्यांत बाहेरून करवंटी आणायची तर ती मेंदूचा अंश काढून स्वच्छ केलेली असावी लागते.

आपल्याकडे हा उद्योग करता येणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सांबर-चितळांची शिकार तर गुन्हा आहेच. जंगलात गळून पडलेले शिंग घरी आणणेही बेकायदा आहे. ते तिथेच राहू द्यावे. साळिंदर ते कुरतडून त्यातील कॅल्शियम मिळवतात.

पण शाळेसाठी बोकडाची कवटी तयार करायला काहीच आडकाठी नाही. मटणाच्या दुकानातून शिंगांसह, न फोडलेली मुंडी आणा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, रबरी हातमोजे घालून कातडी, जीभ, डोळे काढा. भेजा मागच्या भोकातून तारेने ढवळून पाण्याने बाहेर काढा. मग कवटी झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवून ठेवा. आचेचे काम येथे जिवाणू करतात. आपल्या उन्हाळ्यात तीन-चार आठवडे पुरतात. मधूनमधून अर्धेच पाणी बदला, म्हणजे जिवाणू टिकून राहतील. वास सुटणारच, बादली कोठे ठेवायची हे मुख्याध्यापकांना आधी विचारलेले बरे. पाणी ओतताना चाळणी धरा, कारण सुटे झालेले दात त्यातून वाहून जातात. ते पाणी विहिरीपासून दूर खड्ड्यात ओतून वर माती लोटा. पुढे साबणाचे पाणी आणि मग ३ टक्के पेरॉक्साइडमध्ये एक दिवस. वाळवणे सावलीत, उन्हात हाड तडकते.

कवटी हाती आली की वरच्या जबड्यात पुढचे दात शोधा. एकही सापडणार नाही! खालच्या जबड्यात पुढे आठ असतात. त्यांतले किती रुंद, पक्के आहेत ते मोजा. धनगर त्यावरूनच जनावराला दोनदाती, चारदाती म्हणतात. पहिली जोडी साधारण एक ते दीड वर्षाच्या वयात बदलते, चौथी चार वर्षांच्या सुमारास. अंदाजे वय चिठ्ठीवर लिहून कवटीला बांधा. शिंगांची टोपणे मात्र डिंकाने चिकटवू नका. ती काढली की आतला हाडाचा खुंट वर्गाला दाखवता येतो.