खरे किती, रचलेले किती?

सिनेमा संपला की आपण विचारतो, "हे खरंच घडलं होतं का हो?" या प्रश्नाला नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. एक उदाहरण पाहू.

'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा हिंदी चित्रपट. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिचे मूळ सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ सापडते. माडगूळकरांचे जन्मगाव शेटफळे हेही याच तालुक्यातले.

घडले ते असे. आटपाडीचा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांच्या काळात, १९३९ साली, तेथे कैद्यांसाठी 'स्वतंत्रपूर' ही वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरची. उंच भिंत नाही, पायात बेडी नाही. कैद्यांनी शेती करायची, घाम गाळून खायचे. विश्वास टाकला तर माणूस सुधारतो, हा त्यामागचा विचार.

आता सिनेमात काय आहे? आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो. जेलरचे दोन डोळे, कैद्यांचे बारा हात, म्हणून हे नाव! माळावर भाजी पिकते. कैदी ती बाजारात स्वस्त विकतात. व्यापारी चिडतात. शेवटी उधळलेल्या बैलाशी झुंजताना आदिनाथ मरतो.

हा आदिनाथ रचलेला आहे. मग तो कशाला आणला? वसाहत उभी राहायला वर्षे लागतात, सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. पुष्कळ माणसांचे काम एका माणसात दाखवले की ते प्रेक्षकाच्या मनाला भिडते. विश्वासाची गोष्ट मात्र लेखकाने बदलली नाही. गंमत म्हणजे बैलाची झुंज रचलेली, पण ती चित्रित करताना शांतारामांच्या डोळ्याला खरीच इजा झाली!

यात एक तोटाही होतो. आदिनाथ सगळ्यांना आठवतो. राजे आणि फ्रीडमन मागे राहतात. म्हणून सिनेमा पाहून इतिहासाचे उत्तर लिहू नये. त्यासाठी इतिहासाचे पुस्तक उघडावे.

आपणही गावातल्या घटनेवर गोष्ट लिहू शकतो. तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा :

१) आधी खरे काय घडले ते नीट विचारून घ्या.
२) मनाचे काही घातले तर माणसाचे व गावाचे नाव बदला. खऱ्या नावापुढे रचलेली चोरी लिहिली, तर त्या घराची उगाच बदनामी होते.
३) गोष्टीच्या खाली 'काल्पनिक' असे लिहा.

करून पाहा : आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाची एक आठवण विचारा. वहीच्या डाव्या पानावर ऐकलेले जसेच्या तसे लिहा, उजव्या पानावर त्याची गोष्ट करा. पालकांनी दोन्ही पाने वाचावीत आणि विचारावे, "बाळ, यातलं तुझ्या मनाचं किती?"