लूव्हर : गाइड घ्यावा की स्वतःच फिरावे?

प्रश्न : आम्ही दोघे साठीच्या पुढचे. पॅरिसमध्ये लूव्हरसाठी एकच दिवस आहे. छोट्या गटाच्या गाइडेड टूरचे जादा पैसे मोजावेत का?

उत्तर : जरूर मोजा. लूव्हरमध्ये सुमारे पस्तीस हजार कलाकृती मांडलेल्या आहेत; एका दिवसात काय सोडायचे हे ठरवणे नवख्याला जमत नाही. ते काम गाइड करतो. मात्र गट सहा-आठ जणांचाच निवडा. मोठ्या गटात गाइडचा आवाज कानातल्या यंत्रातून येतो आणि चित्र मात्र पुढच्यांच्या डोक्यांआड राहते.

मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, काचेआड आणि सदैव गर्दीत. तिच्यासमोरच्याच भिंतीवर व्हेरोनेझेचे ‘काना येथील लग्न’ हे जवळपास दहा मीटर रुंद चित्र आहे, आणि बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात! चांगला गाइड तुम्हाला वळवून तिथे उभे करतो. माझ्या मते टूरचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

बुकिंगपूर्वी विचारा : प्रवेशतिकीट धरलेले आहे का, गाइडकडे फ्रान्समधले अधिकृत व्यावसायिक ओळखपत्र आहे का, वाटेत बसायला वेळ मिळेल का. ‘रांग नाही’ म्हटले तरी सुरक्षा-तपासणी चुकत नाही. जिने पुष्कळ आहेत, गुडघे दुखत असतील तर लिफ्टचा मार्ग आधीच मागून घ्या.

टूर संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. रिशेल्यू विभागात जाऊन व्हर्मीरची ‘लेस विणणारी’ निवांत पाहा. आणि मंगळवारी लूव्हर बंद असते, त्याप्रमाणे दिवस ठरवा.